मुखव्यायाम आणि बालविकास : एका लोकप्रिय संकल्पनेची चिकित्सा

बीजशब्द : मुखव्यायाम, दंतरचना, वाणीविकास, मुखश्वसन, चर्वण

प्रस्तावना

फुगे फुगवणे, शिट्टी वाजवणे, नळीने पाणी ओढून घेणे, जीभ नाकाच्या शेंड्याकडे नेणे, गालांत हवा भरून ती एका गालातून दुसऱ्या गालात फिरवणे, ओठांत चमच्याची दांडी घट्ट धरून ठेवणे अशा क्रियांचा एक संच 'मुखव्यायाम' या नावाने बालवाड्या, उन्हाळी शिबिरे, पालकसभा आणि दंतवैद्यकांचे दवाखाने अशा परस्परांपासून दूर असलेल्या ठिकाणी रूढ होत गेला आहे. या क्रिया मुलांना आवडतात, त्यांना खर्च नाही आणि करवून घेणाऱ्याला विशेष प्रशिक्षणही लागत नाही. त्यामुळे त्यांचा प्रसार होणे स्वाभाविकच होते. चिकित्सेचा विषय आहे तो या क्रियांना जोडून दिली जाणारी आश्वासने. दात सरळ येतील, बोबडेपणा जाईल, मूल नाकाने श्वास घेऊ लागेल, घास नीट चावून खाईल अशी चार वेगवेगळी फळे एकाच व्यायामाच्या पदरी बांधली जातात. चेहऱ्याचे व जिभेचे स्नायू 'बळकट' झाले की हे सारे आपोआप घडते, हे त्यामागील गृहीतक आहे.

हे गृहीतक तपासताना एक गोष्ट प्रथम लक्षात घेणे अगत्याचे ठरते. मुख हे एक स्थान आहे. तेथे चालणारी कार्ये मात्र अनेक आहेत. गिळणे, चावणे, श्वास घेणे आणि बोलणे या क्रियांत तेच ओठ, तीच जीभ आणि तोच जबडा वापरला जातो, म्हणून त्या क्रियाही एकच आहेत असे मानणे म्हणजे हाताने लिहिता येते आणि हातानेच दळता येते, तेव्हा दळणाने अक्षर सुधारेल असे म्हणण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखात या चार कार्यांच्या संदर्भात मुखव्यायामाच्या दाव्यांचे परीक्षण केले आहे. चारही ठिकाणी उत्तर सारखे येत नाही. सरसकट स्वीकार आणि सरसकट नकार ही दोन्ही टोके टाळण्याचे कारणही तेच.

संकल्पनेचा उगम

ही संकल्पना विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन दंतवैद्यकात आकाराला आली. आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे, म्हणजे दात व जबड्यांच्या रचनेतील दोष दूर करणाऱ्या शाखेचे, प्रवर्तक एडवर्ड अँगल यांनी तोंडाने श्वास घेणे आणि ओठ-जिभेच्या सवयी यांचा दातांच्या रचनेशी असलेला संबंध मांडला होता. त्यांचे शिष्य, बोस्टनचे आल्फ्रेड रॉजर्स यांनी १९१८ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंच्या विकासासाठी करावयाच्या व्यायामांवर लेखन प्रसिद्ध केले. तारा आणि पट्ट्या यांच्याऐवजी, किंवा त्यांच्या जोडीने, रुग्णाचे स्वतःचे स्नायू हेच उपकरण म्हणून वापरावेत हा त्यांचा विचार होता. तो मोहक होता यात शंका नाही. निसर्गाने दिलेल्या साधनाने निसर्गाचीच चूक दुरुस्त करायची, या कल्पनेचे आकर्षण शंभर वर्षांनंतरही ओसरलेले दिसत नाही.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा कॅलिफोर्नियातील वॉल्टर स्ट्रॉब यांचा. गिळताना जीभ दातांवर पुढे ढकलली जाते आणि त्यामुळे पुढचे दात बाहेर येतात, ही कल्पना त्यांनी १९६० च्या सुमारास हिरिरीने मांडली व या सवयीचे मूळ बाटलीने दूध पाजण्यात शोधले. जिभेच्या व्यायामांचे धडे क्रमवार आखून ते मुलांकडून करवून घेण्याची पद्धत याच काळात लोकप्रिय झाली. स्ट्रॉब यांच्या मांडणीतून आणखी एक गोष्ट घडली, तिची नोंद क्वचितच घेतली जाते. मुलाच्या दातांचा दोष आईच्या दूध पाजण्याच्या पद्धतीवर जाऊन बसला. स्तनपान आणि दातांची रचना यांत संबंध असल्याचे नंतरच्या निरीक्षणात्मक अभ्यासांतून दिसले आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पेरेस व सहकाऱ्यांच्या आढाव्यात स्तनपान मिळालेल्या मुलांत दंतरचनेच्या दोषांची शक्यता बरीच कमी आढळली. परंतु समूहात आढळणारा संबंध एका मुलाच्या बाबतीत कारण म्हणून वापरणे आणि त्यावरून एका स्त्रीला जबाबदार धरणे या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

व्यावसायिक संघटनांची भूमिकाही या काळात स्थिर नव्हती. १९७० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतील दंतवैद्यक आणि वाचोपचार या क्षेत्रांच्या संयुक्त समितीने जीभ पुढे ढकलण्याच्या सवयीवरील उपचाराला पुरेसा आधार नसल्याचे सांगितले. १९९१ मध्ये अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने मात्र या क्षेत्रातील वाचोपचारतज्ज्ञांची भूमिका मान्य केली. लोकप्रिय साहित्यात यातील दुसरे विधान येते, पहिले गळून पडते.

दंतरचना : बळ आणि काळ

दात सरळ होण्याच्या आश्वासनाची तपासणी करण्यासाठी फार गुंतागुंतीच्या साधनांची गरज नाही. साधे अंकगणित पुरेसे होते, आणि ते अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्ट विल्यम प्रॉफिट यांनी करून ठेवले आहे. दाताच्या आतल्या बाजूला जीभ असते, बाहेरच्या बाजूला ओठ व गाल असतात. दात जिथे असतो तिथे तो या दाबांच्या आणि दाताभोवतीच्या ऊतींच्या परस्परक्रियेने स्थिर राहतो. १९७८ मधील आपल्या निबंधात प्रॉफिट यांनी या समतोलाच्या सिद्धान्ताची फेरतपासणी केली. दाताची जागा ठरवण्यात बळाच्या मोठेपणापेक्षा त्याचा काळ अधिक महत्त्वाचा आहे, हे त्यातील प्रतिपादन. क्षणभर लागलेला मोठा जोर दात सहन करतो. तासन्‌तास लागणारा हलका दाब त्याला हलवतो.

आता गिळण्याचा हिशोब पाहावा. गिळताना जिभेचा दातांवरील दाब सुमारे एक सेकंद टिकतो. जागेपणी माणूस दिवसाला साधारण ८०० वेळा गिळतो, झोपेत तासाला केवळ काही वेळा. एकूण संख्या हजाराच्या आतच राहते. म्हणजे दिवसभरात गिळण्याचा एकूण दाब १००० सेकंद, अर्थात सुमारे १७ मिनिटे. दात हलण्यासाठी मात्र रोज किमान चार ते आठ तास दाब असावा लागतो. ज्या कृतीला स्ट्रॉब यांनी गुन्हेगार ठरवले तिच्या हातून हा गुन्हा घडण्याइतका वेळच तिला मिळत नाही. प्रॉफिट यांच्या मते पुढचे दात उघडे राहिलेल्या मुलाची जीभ गिळताना पुढे येते ती बव्हंशी फट बंद करण्यासाठी. फट आधी, जीभ नंतर. कार्यकारणाची दिशाच येथे उलटते.

हेच गणित मुखव्यायामालाही लागू पडते. सकाळी दहा आणि संध्याकाळी दहा मिनिटे ओठ दाबण्याचा व्यायाम केला तर दिवसाची वीस मिनिटे होतात. स्नायू कदाचित बळकट होतील, पण दाताच्या दृष्टीने ती वीस मिनिटे नगण्य आहेत. त्याउलट अंगठा चोखणारे मूल झोपेतही तासन्‌तास अंगठा तोंडात ठेवते, आणि म्हणूनच त्या सवयीचा परिणाम दातांवर दिसतो. दुधाचे दात पडून कायमचे दात येण्याच्या वयापूर्वी ती सवय सुटली तर पुढच्या दातांमधील फट पुष्कळदा कोणत्याही व्यायामाशिवाय भरून येते. अशा मुलाकडून त्याच काळात व्यायाम करवून घेतले असतील तर सुधारणेचे श्रेय व्यायामाला मिळते. मुखव्यायामाच्या यशकथांपैकी किती कथा या प्रकारच्या असतील, याचा विचार व्हायला हवा.

समर्थकांचा सर्वांत बळकट युक्तिवाद येथे नोंदवणे न्यायाचे होईल. व्यायामाने दात थेट हलत नाहीत हे मान्य करूनही ते असे म्हणतात की व्यायामाचा हेतू विश्रांतीच्या वेळची स्थिती बदलणे हा आहे : ओठ मिटलेले, जीभ टाळूला टेकलेली. ही स्थिती दिवसाचे अनेक तास टिकते, तेव्हा काळाची अट ती पूर्ण करू शकते. तर्क म्हणून यात दोष नाही. प्रॉफिट यांनी स्वतः विश्रांतीच्या दाबालाच महत्त्व दिले आहे. अडचण आहे ती पुढच्या पायरीवर. जाणीवपूर्वक केलेल्या वीस मिनिटांच्या व्यायामातून उरलेल्या तेवीस तास चाळीस मिनिटांची, त्यातही झोपेतील, नकळत घडणारी स्थिती बदलते काय? सवय लागते असे गृहीत धरले जाते. ती लागल्याचे दाखवून देण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यांवर राहते. तरुणांमध्ये 'म्यूइंग' या नावाने पसरलेला, जीभ टाळूला चिकटवून चेहऱ्याची ठेवण बदलण्याचा प्रकार याच गृहीतकाचे टोक आहे. ब्रिटिश दंतवैद्य जॉन म्यू यांच्या विचारांवर तो आधारलेला आहे. नियंत्रित चाचण्यांचा आधार नसतानाही तो जगभर पोहोचला, कारण आरशासमोर उभ्या असलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला चाचणीपेक्षा छायाचित्र अधिक पटते.

वाणी : बळ नव्हे, नेमकेपणा

मराठीत 'बोबडा' आणि 'तोतरा' असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. बोबड्या मुलाचा वर्ण चुकतो, तोतऱ्याचा प्रवाह अडतो. सामान्य बोलणाराही हा भेद सहज करतो. मुखव्यायामाच्या प्रचारात मात्र दोन्हींवर एकच उपाय सुचवला जातो. भाषेला जे उमगले होते ते व्यायामाच्या तक्त्यात हरवले आहे. 'जीभ जड आहे', 'जीभ वळत नाही' हे वाक्प्रचार या प्रचाराला सोयीचे पडतात. जड वस्तू उचलायची तर बळ लागते. तेव्हा जीभ जड असेल तर तिला बळकट करावे, असा अर्थ त्यातून निघतो. बाळाच्या जिभेला वेखंड उगाळून लावण्याची जुनी रीत याच समजाची. (ही रीत मधासह पाळली जाते, एक वर्षाखालील बालकाला मध देणे धोक्याचे आहे, हे येथे जाता जाता सांगितले पाहिजे.)

वस्तुतः बोलण्यासाठी जिभेच्या व ओठांच्या कमाल बळाचा अल्प भाग, साधारणतः पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी, पुरतो. बहुसंख्य बोबड्या मुलांच्या जिभेत तेवढे बळ असतेच. ती मुले चिक्की चावतात, आइस्क्रीम चाटतात, जीभ काढून वेडावूनही दाखवतात. उणीव असते ती नेमकेपणाची. 'काल' आणि 'काळ' या शब्दांत फरक आहे तो जिभेचा शेंडा कुठे टेकतो आणि किती मागे वळतो याचा, आणि ते अंतर काही मिलिमीटरांचे आहे. 'चार' आणि 'चारा' यांतील दोन च, किंवा विश्व या अर्थाचा 'जग' आणि जगणे या क्रियेतील 'जग' यांतील दोन ज, लिपीत एकच असूनही मराठी मूल ते वेगळे उच्चारायला शिकते. हे शिकण्यासाठी त्याने नळीने कितीही पाणी ओढले तरी उपयोग नाही. त्याला तो फरक ऐकू यावा लागतो आणि त्या शब्दांतच तो करून पाहावा लागतो. 'जिभेला हाड नसते' ही म्हण सैल बोलणाऱ्याला उद्देशून वापरली जाते. शरीरशास्त्रदृष्ट्याही ती खरी आहे. हाडाच्या आधाराशिवाय जीभ आपलाच आकार बदलून हालते, आणि प्रत्येक कार्यासाठी त्या आकारबदलाचा आराखडा वेगळा असतो.

संस्कृत शिक्षाग्रंथांच्या परंपरेत ही जाण स्पष्टपणे दिसते. तेथे वर्णाचा विचार स्थान आणि प्रयत्न या दोन अंगांनी होतो. बळाची वाढ हा त्यातला विषय नाही. पाणिनीय शिक्षेतील प्रसिद्ध दृष्टान्त वाघिणीचा आहे. ती पिलाला दाढांत धरून नेते, पण ते निसटून पडू नये आणि त्याला दात रुतूही नये याची काळजी घेते; वर्ण तसे उच्चारावेत. वाघिणीच्या जबड्याचे बळ सर्वज्ञात आहे, परंतु दृष्टान्ताचा रोख तिने ते किती आवरले याकडे आहे. उच्चाराच्या शिक्षणाविषयी इतक्या नेमक्या दृष्टीचा वारसा असलेल्या समाजात उच्चारसुधारणेसाठी फुगे फुगवण्याचा सल्ला दिला जावा, ही विसंगती नजरेआड करण्यासारखी नाही.

आधुनिक संशोधनाचा कौलही याच दिशेने जातो. ग्रेगरी लॉफ आणि मॅगी वॉटसन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील पाहणीत ५३७ वाचोपचारतज्ज्ञांपैकी ८५ टक्के तज्ज्ञ बोलण्याशी थेट संबंध नसलेले मुखव्यायाम वापरत असल्याचे आढळले. दुसऱ्याच वर्षी मॅककॉली व सहकाऱ्यांच्या आढाव्यात या व्यायामांच्या बाजूने वा विरुद्ध ठामपणे काही सांगता येईल इतका पुरावा मिळाला नाही. २०१५ मध्ये ली आणि गिबन यांनी केलेल्या कॉक्रेन आढाव्यात निकषांना उतरणारे केवळ तीन अभ्यास सापडले आणि त्यांतील मुलांची एकूण संख्या होती २२. वापर ८५ टक्के, पुरावा २२ मुलांचा. पुराव्याचा अभाव म्हणजे निरुपयोगाचा पुरावा नव्हे, हा आक्षेप येथे घेतला जाईल आणि तो तत्त्वतः मान्यही आहे. परंतु जिथे वर्णोच्चारावरच थेट काम करणारा दुसरा मार्ग उपलब्ध आहे, तिथे मुलाचे सहा महिने कोणत्या मार्गावर खर्च करावेत याचा निर्णय पुरेसा पुरावा हाती येईपर्यंत थांबू शकत नाही.

या सहा महिन्यांतच या विषयाचे गांभीर्य सामावलेले आहे. मूल अस्पष्ट बोलते याचे कारण पुष्कळदा जीभ नसून कान असतो. वारंवार कान फुटणे, कानाच्या पडद्यामागे द्रव साठणे यांमुळे ऐकणे अंधुक होते. अशा मुलाला स, श, च यांतील फरक धड ऐकूच येत नाही. त्याच्याकडून जिभेचे व्यायाम करवून घेणे म्हणजे अंधारात बसलेल्याला अक्षर वळणदार काढण्याचा उपदेश करणे होय. जन्मतः फाटलेल्या टाळूची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची स्थिती याहून बोलकी आहे. बोलताना हवा नाकातून निसटते म्हणून त्यांना फुंकण्याचे व्यायाम देण्याची पद्धत दीर्घकाळ होती. टाळूचा मागचा मऊ भाग फुंकताना ज्या प्रकारे बंद होतो आणि बोलताना ज्या प्रकारे बंद होतो, ते दोन प्रकार वेगळे असल्याचे क्ष-किरण चलच्चित्रणाने दाखवून दिले. मेणबत्ती उत्तम विझवणारे मूल बोलताना गेंगाणेच राहू शकते. त्याला गरज असते ती बहुधा पुनर्तपासणीची, काही वेळा दुसऱ्या शस्त्रक्रियेची.

वयाचा विचारही येथे आवश्यक आहे. मॅक्लिऔड आणि क्रो यांनी २०१८ मध्ये २७ भाषांतील ६४ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यानुसार जगातील बहुतेक व्यंजने मुलांना पाच वर्षांपर्यंत साधतात. तीन वर्षांच्या मुलाने 'रस्ता'ऐवजी 'लस्ता' म्हणणे हा दोष नाही. तो वाटेतला एक मुक्काम आहे. बालवाडीत सरसकट करवून घेतलेल्या व्यायामांनंतर वर्षअखेरीस बहुतांश मुले स्पष्ट बोलू लागतात हे खरेच आहे. ती एरवीही बोलू लागली असती.

भारतात वाचा व श्रवण या विषयांचे व्यावसायिक शिक्षण १९६० च्या दशकात म्हैसूर आणि मुंबई येथे सुरू झाले. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते, आणि तीत श्रवणदोष, भाषाविकासातील विलंब व फाटलेला टाळू-ओठ यांचा समावेश आहे. म्हणजे अस्पष्ट बोलणाऱ्या मुलासाठी पहिले पाऊल कोणते टाकायचे याची सोय कागदावर तरी तालुक्यापर्यंत पोहोचली आहे. मुखव्यायामाचा तक्ता भिंतीवर लागला की या पावलाची निकड वाटेनाशी होते, हे त्याचे खरे मूल्य, म्हणजे किंमत.

श्वास : व्यायामाला जागा कुठे आहे

तोंडाने श्वास घेण्याच्या बाबतीत चित्र अधिक संमिश्र आहे. जपानमधील फुकुओका येथील डॉक्टर इमाई काझुआकी यांनी 'आ-इ-उ-बे' नावाचा व्यायाम प्रचलित केला. आ, इ, उ म्हणताना तोंड पूर्ण उघडणे, ताणणे, पुढे काढणे आणि 'बे' म्हणताना जीभ हनुवटीकडे बाहेर काढणे, असे दिवसाला साधारण तीस वेळा करावयाचे. बाराखडी म्हणवून घेणाऱ्या शिक्षकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. ओठ मिटून नाकाने श्वास घेण्याची सवय लागावी हा त्याचा हेतू. तेथील अनेक शाळांनी तो स्वीकारला आणि सर्दी-तापाने होणारी गैरहजेरी घटल्याचे सांगितले गेले; पण असा व्यायाम सुरू करणारी शाळा हात धुण्याकडे आणि एकूण आरोग्याकडेही अधिक लक्ष देऊ लागते, ही शक्यता अशा तुलनेत वगळता येत नाही.

जपानच्या उदाहरणात अनुकरणीय काही असेल तर ते व्यायामाच्या आधी येते. २०१८ मध्ये तेथील आरोग्यविम्यात मुलांच्या मुखकार्याच्या अपूर्ण विकासाचे स्वतंत्र निदान समाविष्ट झाले. खाणे, बोलणे, श्वास अशा अंगांची तपासणी करून, ठरावीक निकष पूर्ण झाले तरच निदान आणि मग मार्गदर्शन, असा त्याचा क्रम आहे. वर्गातल्या चाळीसही मुलांना एकच व्यायाम, ही त्याची पद्धत नव्हे.

मूल तोंडाने श्वास का घेते, हा प्रश्न टाळून उत्तर शोधता येत नाही. नाकामागील अ‍ॅडेनॉइड ग्रंथी वाढलेली असेल, टॉन्सिल मोठे असतील, अ‍ॅलर्जीने नाक कायम चोंदलेले असेल, तर ओठ मिटण्याचा व्यायाम हा बंद दारासमोर चालण्याचा सराव ठरतो. एगिल हार्व्होल्ड यांनी माकडांचे नाक कृत्रिमरीत्या बंद करून जबड्यांच्या वाढीत होणारे बदल दाखवले होते. पण तो अडथळा संपूर्ण होता, आणि मुलांमध्ये असा संपूर्ण अडथळा विरळा. स्टेन लिंडर-आरोन्सन यांच्या १९७० मधील स्वीडिश अभ्यासातही अ‍ॅडेनॉइड वाढलेल्या मुलांच्या चेहऱ्याच्या ठेवणीतील फरक दिसला, परंतु तो सरासरीचा व मर्यादित होता.

झोपेतील श्वासावरोधाच्या संदर्भात मात्र मुखव्यायामाला खरी जागा असण्याची शक्यता दिसते. कामाचो व सहकाऱ्यांच्या २०१५ मधील आढाव्यात या व्यायामांनी श्वास अडण्याचे प्रमाण प्रौढांत सुमारे ५० टक्क्यांनी आणि मुलांत ६२ टक्क्यांनी घटल्याचे नमूद आहे. ६२ हा आकडा प्रचारात वारंवार येतो. तो २ अभ्यासांतील २५ मुलांवर आधारलेला आहे, हे त्याच्यासोबत येत नाही. तरीही येथे कार्यकारणाची साखळी समजण्याजोगी आहे : घशाच्या व जिभेच्या स्नायूंचा ताण कमी पडल्याने श्वासमार्ग मिटतो, आणि व्यायाम त्याच स्नायूंचा आहे. ग्रंथींचा अडथळा दूर केल्यानंतर पूरक उपचार म्हणून त्याचा विचार होतो तो या कारणाने. झोपेत मुलाच्या ओठांवर चिकटपट्टी लावण्याचा जो प्रकार समाजमाध्यमांतून पसरतो आहे, त्याला असा कोणताही आधार नाही आणि नाक चोंदलेल्या मुलासाठी तो सरळ धोकादायक आहे.

चर्वण

चावण्याच्या बाबतीत व्यायामाचा प्रश्न जवळपास उरतच नाही, कारण अन्न हाच व्यायाम आहे. सहाव्या महिन्याच्या सुमारास होणारे उष्टावण ही विधी म्हणून जेवढी जपली गेली, तेवढा तिच्या पुढच्या टप्प्यांचा क्रम जपला गेलेला नाही. मऊ भात, मग कुस्करलेली पोळी, मग भाकरीचा तुकडा हातात, हा क्रम मिक्सरमधून काढलेल्या एकसारख्या लगद्याने पुष्कळ घरांतून पुसला आहे. इंग्लंडमधील एव्हन परगण्यात झालेल्या मोठ्या अभ्यासातून नॉर्थस्टोन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले की ज्या बाळांना गुठळीयुक्त अन्न दहा महिन्यांनंतर मिळाले ती सव्वा वर्षाची असताना खाण्याबाबत अधिक त्रासदायक होती. वेळेवर दिलेला भाकरीचा तुकडा पुढच्या कित्येक व्यायामांची गरज संपवतो. कठीण अन्नाने जबडे रुंद वाढतात आणि मऊ आहाराने दातांची गर्दी होते, ही मांडणी मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट कोरुचिनी यांनी उत्तर भारतातील ग्रामीण व शहरी तरुणांच्या तुलनेसह केली आहे. तिच्यात तथ्य असावे, तथापि त्यावरून मुलाला रबरी साधन चघळायला देण्यापर्यंतची उडी लांबची आहे.

एका प्रसंगी मात्र तोंड उघडण्याचा व्यायाम शब्दशः वैद्यकीय उपचार असतो, आणि तो प्रसंग महाराष्ट्राच्या शाळांच्या फाटकाबाहेर घडतो. सुपारीच्या सेवनाने तोंडाच्या आतील त्वचेखाली ताठ तंतू तयार होतात, गाल कडक होतात आणि तोंड उघडेनासे होते. या विकाराला सध्याचे नाव मिळाले ते १९५३ मध्ये एस. जी. जोशी यांच्या लेखनातून. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीची गणना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये आणि सुगंधित सुपारीवर २०१३ मध्ये बंदी आली. विद्यार्थ्यांच्या खिशांतून मात्र पुड्या अद्याप निघतात. या विकारात लाकडी चपट्या काड्या दातांमध्ये एकेक करून वाढवत तोंड उघडण्याचा सराव दिला जातो आणि त्याने ताठरपणा काही अंशी रोखला जातो. सुपारी सुटली नाही तर तोही निष्फळ. मुखव्यायामाच्या तक्त्यांत हा व्यायाम सहसा नसतो. ज्या वर्गात हे तक्ते लागतात तेथे आठवी-नववीच्या मुलांना स्वतःची तीन बोटे उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहायला सांगणे दोन मिनिटांचे काम आहे. ती ज्याच्या तोंडात शिरत नाहीत, त्याला त्याच आठवड्यात दंतवैद्यकाकडे पाठवावे लागेल.